काराव्हाज्जोच्या चित्रांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात इटालियन चित्रकार काराव्हाज्जो याच्या ‘संत मत्तयाला पाचारण’ या चित्राची रंगीत प्रतिकृती आणि तिच्यासोबत, त्या चित्राला ‘क्रांतिकारक’ म्हणणारी, एक लहानशी टीप छापली होती. त्या पानावर बरीच पत्रे आली असून त्यांतल्या निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. अनेकांनी चित्रापेक्षा चित्रकाराने केलेल्या खुनाविषयी अधिक विचारले आहे आणि ते कुतूहल स्वाभाविकही आहे. तरीही त्या प्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम मागे ठेवले आहे, कारण या चित्रकाराच्या बाबतीत त्याचे चरित्रच त्याच्या चित्रांच्या आड येऊन उभे राहते, असे मला फार वर्षांपासून वाटत आले आहे.

प्रश्न : टिपेत चित्रकाराचे मूळ नाव ‘मिकेलांजेलो’ असे दिले होते. सिस्टीन चॅपेलचे छत रंगवणारा मायकेलअँजेलो तो हाच का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. सिस्टीन चॅपेलचा मायकेलअँजेलो बुओनारोती १५६४ मध्ये निवर्तला आणि आपला मिकेलांजेलो मेरीसी त्यानंतर सात वर्षांनी, २९ सप्टेंबर १५७१ रोजी मिलानमध्ये जन्मला. तो दिवस मिखाएल या प्रमुख देवदूताच्या सणाचा असल्यामुळे मुलाला ते नाव मिळाले. काराव्हाज्जो हे मिलानच्या पूर्वेस, बेर्गामोजवळ असलेले घराण्याचे मूळ गाव. जसे आपल्याकडे गावावरून आडनाव पडते, तसे तेच पुढे त्याचे नाव झाले. वडील स्फोर्झा घराण्यातील सरदाराच्या पदरी होते. १५७६ मध्ये मिलानमध्ये प्लेगची साथ पसरली आणि पुढच्याच वर्षी वडील आणि आजोबा दोघेही वारले. १५८४ मध्ये सिमोने पेतेरझानो या, स्वतःला व्हेनिसच्या थोर चित्रकार तिशियनचा शिष्य म्हणवणाऱ्या, चित्रकाराकडे चार वर्षांच्या कराराने हा मुलगा शिकायला राहिला. विशीत तो रोमला आला, तेव्हा जवळ पैसा नव्हता आणि कोणाची ओळखही नव्हती. एका नामांकित चित्रकाराच्या कार्यशाळेत फुले आणि फळे रंगवण्याचे काम त्याला मिळाले. पुढे कार्डिनल देल मोन्ते या रसिक धर्माधिकाऱ्याच्या नजरेस त्याची चित्रे पडली, त्याच्या वाड्यात आश्रय मिळाला आणि तिथून त्याचे दिवस पालटले.

प्रश्न : प्रतिकृती लक्षपूर्वक पाहिली. काळोख्या खोलीत काही माणसे टेबलाभोवती बसली आहेत आणि उजवीकडून दोघे आत आले आहेत. चित्र सुंदर आहे, हे मान्य. पण त्यात ‘क्रांतिकारक’ काय आहे, ते उमगले नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हा प्रश्न आल्याचा मला विशेष आनंद झाला. चारशे वर्षांत आपली नजर त्या क्रांतीला इतकी सरावली आहे की ती आता वेगळी दिसतच नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रोममधली धार्मिक चित्रे कशी असत, ते आधी डोळ्यांसमोर आणायला हवे. लांबसडक, लवचिक देहांच्या आकृती, कोणत्याच देशाचे वा काळाचे नसलेले झुळझुळीत वस्त्रप्रावरण, ढगांवर दाटीवाटीने बसलेले देवदूत आणि सर्वत्र सारखा पसरलेला, कुठून येतो हे न कळणारा उजेड, असा तो थाट होता. त्या चित्रांत कौशल्य भरपूर होते. मात्र ही घटना खरोखर घडली असेल, असे पाहणाऱ्याला क्वचितच वाटे. दुसरीकडे, प्रॉटेस्टंट पंथाच्या आव्हानाला उत्तर देण्यासाठी भरलेली ट्रेंटची धर्मसभा १५६३ मध्ये संपली होती आणि चित्रांनी सामान्य भाविकाला श्रद्धेची गोष्ट स्पष्टपणे सांगावी, त्याचे मन हलवावे, अशी अपेक्षा चर्चने व्यक्त केली होती. अपेक्षा होती, पण ती पुरी करणारी चित्रभाषा अजून पुरती घडली नव्हती.

अशा वेळी, जुलै १५९९ मध्ये, रोममधील फ्रेंच लोकांच्या सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमधील कोंतारेल्ली चॅपेलच्या (चर्चमधल्या लहान प्रार्थनाकक्षाच्या) दोन बाजूंच्या भिंतींसाठी दोन मोठी चित्रे करण्याचे काम काराव्हाज्जोला मिळाले. मोबदला ठरला ४०० स्कूदी (रोममधली तेव्हाची नाणी). तोवर त्याने खाजगी संग्राहकांसाठी लहान चित्रे केली होती. चारचौघांनी पाहावे असे हे त्याचे पहिलेच मोठे काम होते आणि समोर १६०० चे पवित्र वर्ष होते, ज्या वर्षी यात्रेकरूंचे लोंढे रोममध्ये येणार होते.

विषय साधा होता. शुभवर्तमानात एकाच वचनात तो संपतो : जकातनाक्यावर बसलेल्या मत्तयाला येशू म्हणतो, ‘माझ्यामागे ये’, आणि तो उठून त्याच्यामागे जातो. आता चित्र पाहा. टेबलाभोवती पाच जण आहेत आणि त्यांचे कपडे काराव्हाज्जोच्या स्वतःच्या काळातले, पिसांच्या टोप्या आणि रेशमी बाह्यांचे आहेत. डाव्या टोकाचा तरुण मान खाली घालून नाण्यांत बोटे फिरवतो आहे; त्याच्या खांद्यावरून एक म्हातारा चष्मा सावरत तीच नाणी निरखतो आहे. या दोघांनी आत आलेल्या माणसाकडे पाहिलेलेसुद्धा नाही. मधला दाढीवाला तेवढा वळला आहे आणि त्याचे बोट ‘मी?’ असे विचारते आहे. ते बोट स्वतःकडे आहे की शेजारच्या तरुणाकडे, यावर अभ्यासकांत वाद आहे. दाढीवाला हाच मत्तय, असे मी परंपरेप्रमाणे मानतो. पण खाली मान घातलेला तरुण हा मत्तय मानला, तर हाक अजून त्याच्या कानी पडायची आहे असा चित्राचा अर्थ होतो आणि तोही अर्थ चित्राला पेलतो, हे कबूल करायला हवे.

येशू उजवीकडे कडेला, अर्धाअधिक अंधारात उभा आहे. त्याच्या देहाचा बराच भाग सोबत आलेल्या पेत्र या शिष्याच्या पाठीमागे झाकला गेला आहे आणि दिसतो आहे तो चेहरा आणि पुढे केलेला हात. तो हात मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या आदामाच्या हातावरून घेतलेला आहे. रोममधल्या जाणत्या प्रेक्षकांना ते तत्काळ ओळखू आले असेल. मागे खिडकी आहे, पण तिच्यातून उजेड येत नाही. उजेड येतो तो येशूच्या डोक्यावरून, उजवीकडून तिरपा, आणि भिंतीवर कापल्यासारखी कडा उमटवत त्या पाच चेहऱ्यांपर्यंत पोचतो. चॅपेलमध्ये प्रत्यक्ष उभे राहिल्यावर लक्षात येते की वेदीच्या वरची खरी खिडकीही या चित्राच्या उजव्या अंगालाच आहे. म्हणजे चित्रातला उजेड आणि इमारतीतला उजेड एकाच दिशेने येतात.

माझ्या मते क्रांती आहे ती येथे. पवित्र घटनेला त्याने ढगांवरून उतरवून, तळमजल्यावरच्या ओळखीच्या खोलीत, रोजचा हिशेब चाललेला असताना घडवले. काय दिसावे आणि काय दिसू नये हे त्याने उजेडाच्या हाती सोपवले, त्यामुळे उजेड हा देखाव्याचा भाग न राहता कथा पुढे नेणारे पात्र झाला. शिवाय देवदूत, प्रभामंडळाचा झगमगाट, दूरवरचा निसर्ग या सगळ्या आधारांशिवाय (येशूच्या डोक्यावर एक बारीक वलय आहे तेवढेच) चित्र उभे राहू शकते, हे त्याने दाखवून दिले. जुलै १६०० पर्यंत दोन्ही चित्रे जागेवर लागली आणि काराव्हाज्जोचे नाव सर्वतोमुखी झाले.

प्रश्न : मी चित्रकला शिकवते. काराव्हाज्जोची एकही कागदावरची रेखाटने सापडत नाहीत, असे वाचले. इतक्या मोठ्या रचना पूर्वतयारीशिवाय करणे शक्य आहे का? (एक कलाशिक्षिका, सांगली)

उत्तर : खात्रीने त्याचे म्हणता येईल असे एकही रेखाटन आज उपलब्ध नाही, हे खरे आहे. त्याने आयुष्यात कागदावर रेघच ओढली नसेल असे मात्र त्यावरून म्हणता येणार नाही; पेतेरझानोच्या हाताखाली चार वर्षे काढलेल्या मुलाला रेखाटन शिकावेच लागले असणार. एवढे नक्की, की रोममधल्या इतर चित्रकारांप्रमाणे अनेक कच्ची रेखाटने, मग पूर्ण आकाराचा कागदी आराखडा आणि मग तो भिंतीवर वा कॅनव्हासवर उतरवून घेणे, हा मार्ग त्याने सोडला. तो मॉडेल समोर बसवून थेट कॅनव्हासवर काम करी.

पूर्वतयारी मात्र होती आणि ती कॅनव्हासवरच होती. तो कॅनव्हासला तपकिरी, उत्तरोत्तर अधिकच गडद, अस्तर (रंगाचा पहिला थर) देई. अस्तर ओले असताना कुंचल्याच्या मागच्या टोकाने किंवा तशाच एखाद्या टोकदार वस्तूने डोक्याची रेषा, कोपर, खांद्याचा उतार अशा मोजक्या खुणा तो कोरून ठेवी. तिरप्या उजेडात पाहिल्यास अनेक चित्रांवर हे चरे आजही दिसतात. मॉडेल उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले, तर त्याला नेमके त्याच जागी बसवण्यासाठी त्यांचा उपयोग होत असावा, असा तर्क आहे आणि तो मला पटतो. त्यानंतर उजळ भाग शिशाच्या पांढऱ्या रंगाने मांडून घ्यायचे आणि सावलीच्या जागी पुष्कळदा अस्तरच तसेच उघडे ठेवायचे. म्हणजे ज्या अंधाराचे आपण इतके कौतुक करतो, तो बऱ्याच ठिकाणी वरून लावलेला नसून राखून ठेवलेला आहे. आपल्या विद्यार्थ्यांकडून एकदा पांढऱ्याऐवजी गडद तपकिरी अस्तरावर काम करून घ्यावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. सावली रंगवण्याऐवजी उजेड वेचून लावण्याची सवय हाताला लागते आणि काराव्हाज्जोचे अर्धे व्याकरण त्यातून समजते.

रंगही त्याने थोडेच वापरले : मातीचे रंग, शिशाचा पांढरा, काळा, हिंगुळाचा लाल, थोडा पिवळा आणि हिरवा. निळा फार क्वचित. चुका झाल्या तर तो वरून दुरुस्त करी. ‘मत्तयाचे हौतात्म्य’ या समोरच्या भिंतीवरील चित्राच्या क्ष-किरण तपासणीत खाली एक पूर्ण वेगळी, लहान आकृतींची रचना आढळली आहे. ती जमत नाही असे दिसताच त्याने तिच्यावर नवे चित्र रंगवले. ‘पाचारण’मधला पेत्रही नंतर घातलेला आहे.

त्याच्या कामाच्या जागेविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते एका भांडणामुळे. १६०५ मध्ये घरमालकिणीने थकलेल्या भाड्यासाठी आणि मोडलेल्या छतासाठी त्याच्यावर दावा केला. छत मोठ्या कॅनव्हाससाठी उंची मिळावी म्हणून उघडले होते की वरून झोताने उजेड यावा म्हणून, यावर मतभेद आहेत. त्या वेळी झालेल्या सामानाच्या यादीत इतर किडुकमिडुक वस्तूंबरोबर एक मोठा आरसाही आहे.

१६०३ मध्ये एका प्रतिस्पर्धी चित्रकाराने बदनामीचा खटला भरला, तेव्हा न्यायालयात काराव्हाज्जोला विचारले गेले की चांगला चित्रकार कोणाला म्हणावे. ज्याला चांगले रंगवता येते आणि निसर्गातल्या वस्तूंचे चांगले अनुकरण करता येते त्याला, असे त्याने सांगितले. आणखी एक मत त्याच्या नावावर नोंदलेले आहे, की फुलांचे चांगले चित्र करायला माणसांच्या चित्राइतकीच मेहनत पडते. मिलानच्या अँब्रोझियाना संग्रहालयातील ‘फळांची परडी’ पाहिल्यावर तो हे किती गांभीर्याने बोलत होता, ते कळते. सफरचंदाला कीड लागल्याचे भोक आहे, द्राक्षांवर धूळ आहे, उजवीकडची पाने वाळून गुंडाळली गेली आहेत, आणि परडी टेबलाच्या कडेबाहेर थोडी पुढे आली आहे. मागे फक्त फिकट पिवळट भिंत आहे, अंधार कुठेच नाही. काराव्हाज्जो म्हणजे काळोख, एवढेच समीकरण ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे चित्र अवश्य पाहावे.

प्रश्न : चर्चने त्याची चित्रे नाकारली, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. मग इतकी चित्रे आजही चर्चमध्येच कशी आहेत? त्याची चित्रे खरोखर श्रद्धेला बाधक होती का? (एक वाचक, वसई)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ‘चर्चने नाकारले’ या वाक्यात चर्च म्हणजे एकच एक मत असलेली संस्था असे गृहीत धरलेले असते आणि वस्तुस्थिती तशी नव्हती. चित्र काढायला सांगणारा सरदार वा वकील, चित्र लावायचे त्या चर्चचे धर्मगुरू आणि चित्रे जमवणारे कार्डिनल, या तिघांच्या आवडी वेगवेगळ्या असत. अनेकदा एकाने परत केलेले चित्र दुसऱ्याने ताबडतोब उचलले.

कोंतारेल्ली चॅपेलच्या वेदीसाठी १६०२ मध्ये केलेल्या पहिल्या चित्रात संत मत्तय उघड्या पोटऱ्यांचा, पायावर पाय टाकून बसलेला, कपाळाला आठ्या पडलेला खेडूत होता आणि देवदूत त्याचा हात धरून अक्षरे गिरवून घेत होता. ते स्वीकारले गेले नाही. मार्क्वेस जुस्तिनियानी या संग्राहकाने ते स्वतःसाठी विकत घेतले आणि काराव्हाज्जोने वेदीसाठी दुसरे, अधिक शिष्टसंमत चित्र करून दिले. पहिले चित्र पुढे बर्लिनला गेले आणि १९४५ मध्ये युद्धाच्या अखेरीस आगीत नष्ट झाले. त्याची कृष्णधवल छायाचित्रे तेवढी उरली आहेत आणि ती पाहताना माझा जीव दर वेळी हळहळतो.

‘कुमारी मरियेचा मृत्यू’ या चित्राची कथा अधिक बोलकी आहे. रोमच्या त्रास्तेवेरे भागातील सांता मारिया देल्ला स्काला या, कार्मेलाइट संन्याशांच्या, चर्चसाठी एका वकिलाने ते काढायला सांगितले होते. परंपरेने अशा चित्रात मरिया शांत निद्रेत किंवा देवदूतांच्या सोबतीने स्वर्गात जाताना दाखवत. येथे आखूड फळ्यांच्या बिछान्यावर एका स्त्रीचे प्रेत आहे. पोट फुगलेले, पाय घोट्यापर्यंत उघडे आणि ताठरलेले, एक हात बाजूला लोंबतो आहे. प्रेषित मूकपणे उभे आहेत आणि पुढे बुटक्या खुर्चीवर येशूची अनुयायी मग्दालिया मरिया गुडघ्यांत डोके घालून रडते आहे. तिच्या पायाशी तांब्याचे घंगाळ आहे. वर एक भला मोठा लाल पडदा. स्वर्ग कुठेही नाही. मॉडेल म्हणून एका गणिकेला बसवले अशी वदंता तेव्हा उठली, देहाच्या फुगीरपणावरही आक्षेप आला आणि मठवासीयांनी चित्र नाकारले. मात्र त्याच वेळी रोममध्ये असलेल्या तरुण फ्लेमिश चित्रकार रुबेन्सने मांतुआच्या ड्यूकला ते घेण्याची शिफारस केली आणि १६०७ मध्ये ते विकले गेले. चित्र शहराबाहेर जाण्यापूर्वी रोममधल्या चित्रकारांच्या आग्रहास्तव ते काही दिवस सर्वांना पाहण्यासाठी ठेवावे लागले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

श्रद्धेला बाधक होते का, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. त्या काळी रोममध्येच, संत फिलिप नेरी यांच्या ओरातोरिओ संघाच्या परंपरेत, गरीब, अनवाणी माणसांसोबतची साधी भक्ती जोर धरत होती आणि त्याच संघाच्या चर्चसाठी केलेले ‘ख्रिस्ताला कबरेत ठेवताना’ हे चित्र विरोधकांनीही वाखाणले. सांत’अगोस्तीनो चर्चमधल्या ‘यात्रेकरूंची मरिया’ या चित्रात दारात उभ्या असलेल्या मरियेपुढे एक वृद्ध स्त्री आणि एक पुरुष गुडघे टेकून आहेत, आणि पुरुषाचे चालून चालून मळलेले तळवे थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतात. शिष्ट समीक्षकांना ते तळवे खटकले. पण पायी चालत रोमला पोचलेल्या भाविकाला त्या वेदीपुढे आपलेच पाय दिसले असतील. त्याच्या भक्तीचा तिथे अपमान झाला, असे मला वाटत नाही.

प्रश्न : ज्याने माणूस मारला त्याच्या कलेचे इतके गोडवे गावेत का? त्याच्या हिंसक स्वभावातूनच ही चित्रे जन्माला आली का? (या आशयाची अनेक पत्रे)

उत्तर : घडले ते असे. पोलिसांच्या नोंदींत त्याचे नाव वारंवार येते : परवान्याविना तलवार बाळगणे, मारामाऱ्या, १६०४ मध्ये एका खानावळीत वाढप्याच्या तोंडावर हातीचोक भाजीची थाळी फेकणे. २८ मे १६०६ रोजी रोममध्ये झालेल्या झटापटीत त्याच्या हातून रानुच्चो तोमास्सोनी हा माणूस मारला गेला. कारण काय, याविषयी एकमत नाही. शिक्षा अशी झाली की तो सापडेल तिथे कोणीही त्याला ठार करावे. तो पळाला, आधी कोलोन्ना घराण्याच्या जहागिरीत, मग नेपल्सला, १६०७ मध्ये माल्टा बेटावर. तेथे संत योहानाच्या धर्मवीरांच्या संघाने जुलै १६०८ मध्ये त्याला आपल्यात घेतले. काही महिन्यांतच पुन्हा हाणामारी, तुरुंगवास आणि तुरुंगातून पलायन. मग सिसिलीतील सिराकूझा, मेस्सिना आणि पालेर्मो, मग पुन्हा नेपल्स, जिथे ऑक्टोबर १६०९ मध्ये त्याच्यावर प्राणघातक हल्ला झाला. माफीच्या आशेने रोमकडे निघाला असताना, १८ जुलै १६१० रोजी, पोर्तो एर्कोले या बंदरगावी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो मरण पावला.

यातला एकही अपराध चित्रांमुळे सौम्य ठरत नाही. तोमास्सोनी हाही एक माणूस होता. आपल्याला चित्रे आवडतात म्हणून त्याच्या मृत्यूकडे रंजक प्रसंग म्हणून पाहणे मला अनुचित वाटते. परंतु प्रश्नाच्या दुसऱ्या भागाशी मी ठामपणे असहमत आहे. तलवारीला हात घालणारी माणसे त्या काळच्या रोममध्ये शेकडो होती. त्यांच्यापैकी कोणी ‘पाचारण’ रंगवले नाही. वर रेखाटनांविषयीच्या उत्तरात सांगितलेले अस्तर, चरे, राखलेली सावली, पुसून पुन्हा मांडलेल्या रचना, ही सगळी थंड डोक्याने आणि चिकाटीने केलेली कामे आहेत. स्वभाव कितीही तापट असो, कॅनव्हाससमोर हा माणूस अत्यंत संयमी होता.

माल्टाच्या राजधानीतील, व्हालेत्ताच्या सेंट जॉन को-कॅथीड्रलमधले ‘बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद’ हे त्याचे सर्वांत मोठे चित्र या दृष्टीने पाहावे. लांबी पाच मीटरांहून अधिक. पण सर्व आकृती डावीकडे एकवटल्या आहेत आणि उजवीकडे तुरुंगाची जवळजवळ रिकामी भिंत, एक दोर आणि गजांच्या खिडकीतून मान लांब करून पाहणारे दोन कैदी, एवढेच आहे. तलवार बाजूला पडली आहे. घाव पुरता बसलेला नाही, म्हणून मारेकरी उरलेले काम उरकण्यासाठी पाठीमागे खोचलेली कट्यार उपसतो आहे. तुरुंगाधिकारी बोटाने, शिर ज्यात ठेवायचे त्या तबकाकडे निर्देश करतो. कोणी ओरडत नाही; एक वृद्धा तेवढी दोन्ही हातांनी डोके धरून उभी आहे. हिंसेत रमलेल्या माणसाला ही भिंत इतकी रिकामी ठेवता आली नसती, असे मला वाटते. याच चित्रात, योहानाच्या मानेतून वाहिलेल्या रक्तात, त्याने आपले नाव लिहिले आहे आणि ही त्याची एकमेव ज्ञात स्वाक्षरी होय. १ डिसेंबर १६०८ रोजी धर्मवीरांनी त्याच्या अनुपस्थितीत त्याला संघातून काढून टाकले, ते याच चित्रासमोर जमून.

प्रश्न : सावळाराम हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्रावर काराव्हाज्जोचा प्रभाव आहे, असे म्हणता येईल का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : थेट प्रभाव म्हणण्यास आधार नाही. सावंतवाडीचे सुपुत्र हळदणकर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत युरोपीय वास्तववादी पद्धतीने शिकले आणि छायाप्रकाशातून आकाराला गोलाई देण्याची ती पद्धत अनेक पिढ्यांचे संस्कार घेऊन येथे पोचली होती. त्या लांबच्या वंशावळीत काराव्हाज्जो आहेच. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने प्रसिद्ध असलेले आणि म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ठेवलेले ते चित्र मात्र आणखी एका, त्याच्या अनुयायांनी वाढवलेल्या, शाखेच्या अधिक जवळचे आहे. काराव्हाज्जोच्या चित्रांत उजेडाचा उगम सहसा चौकटीबाहेर असतो. चित्रातच मेणबत्ती ठेवून तिच्यापुढे हात आडवा धरायचा आणि बोटांच्या कडा लालसर उजळवायच्या, हे डच चित्रकार होन्थोर्स्ट आणि फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर यांनी पूर्णत्वाला नेले. हळदणकरांनी तोच परिणाम तैलरंगात न साधता जलरंगात साधला, जिथे पांढरा रंग वरून लावायची सोय नसते आणि उजेडासाठी कागदच राखून ठेवावा लागतो. ती त्यांची स्वतःची कमाई आहे आणि ती त्यांच्याच नावे राहावी.

प्रश्न : त्याच्यानंतर त्याची परंपरा कोणी चालवली? शिष्य कोण? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : त्याने शाळा काढली नाही, रीतसर शिष्य घडवले नाहीत. लोकांनी चर्चमध्ये जाऊन चित्रे पाहिली आणि आपापल्या देशी नेली. नेपल्समध्ये स्पॅनिश चित्रकार रिबेरा, हॉलंडमधील उत्रेख्त शहरात तेरब्रुखेन, होन्थोर्स्ट आणि बाबुरेन हे रोमहून परतलेले तिघे, असा हा प्रवास आहे. डच चित्रकार रेम्ब्रांट कधीच इटलीला गेला नाही, पण मायदेशी परतलेल्या अशा चित्रकारांच्या कामातून ही प्रकाशयोजना त्याच्यापर्यंत पोचली.

या सर्वांत माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे नाव आर्तेमिझिया जेंतिलेस्की हिचे. तिचे वडील ओराझिओ हे काराव्हाज्जोच्या मित्रमंडळींतले चित्रकार होते. यूदिथ आपल्या नगराला वेढा घालणाऱ्या सेनापती होलोफेर्नेसचा शिरच्छेद करते, हा विषय दोघांनीही रंगवला आहे. काराव्हाज्जोची यूदिथ हात लांब करून, अंग मागे घेऊन, कपाळाला आठी घालून तलवार चालवते आणि तिची म्हातारी दासी बाजूला नुसती उभी असते. आर्तेमिझियाच्या चित्रात दासी तरुण आहे, ती आपले सारे वजन टाकून त्या पुरुषाला दाबून धरते, यूदिथने बाह्या मागे सारल्या आहेत आणि दोघींचे दंड कामाला लागले आहेत. एखाद्या धडधाकट माणसाला मारायला किती बळ लागेल, याचा विचार तिने गुरुस्थानी असलेल्या चित्रकारापेक्षा अधिक बारकाईने केलेला दिसतो.

पुढे मात्र आवड बदलली. हा माणूस चित्रकलेचा नाश करण्यासाठी जगात आला, असे उद्गार पुसँ या फ्रेंच चित्रकाराच्या नावावर नोंदलेले आहेत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत काराव्हाज्जोची अनेक चित्रे इतरांच्या आणि इतरांची त्याच्या नावावर खपली. इटालियन कलेतिहासकार रोबेर्तो लोंगी यांनी आयुष्यभर केलेल्या संशोधनाने आणि १९५१ मध्ये मिलानला भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनाने चित्र पालटले. हा शोध अजून संपलेला नाही. ‘ख्रिस्ताला अटक’ हे चित्र डब्लिनमधील जेसुइट धर्मगुरूंच्या भोजनगृहात होन्थोर्स्टचे म्हणून टांगलेले होते; १९९० मध्ये ते स्वच्छ करण्यासाठी पाहिले गेले तेव्हा ओळखले गेले आणि आज ते आयर्लंडच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. २०२१ मध्ये माद्रिदच्या एका लिलावात केवळ १५०० युरो आरंभीची बोली ठरलेले एक चित्र स्पॅनिश सरकारने वेळीच रोखले आणि १६०५ ते १६०९ च्या दरम्यानचे काराव्हाज्जोचे काम म्हणून ते २०२४ मध्ये प्रादो संग्रहालयात प्रदर्शित झाले. उलट पालेर्मोच्या सान लोरेन्झो प्रार्थनागृहातून ऑक्टोबर १९६९ मध्ये चोरीला गेलेले ‘ख्रिस्तजन्म’ अद्याप मिळालेले नाही.

प्रश्न : आम्ही जर्मनीत राहतो आणि सहकुटुंब दोन दिवसांसाठी रोमला जात आहोत. थोड्या वेळात त्याची कोणती चित्रे पाहावीत? (एक वाचक, स्टुटगार्ट)

उत्तर : पहिल्या दिवशी सकाळी नावोना चौकाजवळच्या सान लुइजी देई फ्रांचेझीमध्ये जावे, तेथे मत्तयाची तिन्ही चित्रे आहेत. तेथून काही मिनिटांच्या अंतरावर सांत’अगोस्तीनो चर्चमध्ये मळलेल्या तळव्यांचे चित्र आहे. मग उत्तरेकडे पोपोलो चौकापर्यंत चालत जाऊन सांता मारिया देल पोपोलोमधले चेराझी चॅपेल पाहावे. तेथील ‘शौलाचे परिवर्तन’मध्ये (शौल म्हणजे पुढचा संत पौल) निम्म्याहून अधिक जागा घोड्याने व्यापली आहे आणि हात पसरून उताण्या पडलेल्या शौलाच्या अंगावर खूर पडू नये म्हणून घोड्याने तो अधांतरी उचलून धरला आहे, मुलांना हे दाखवावे, त्यांना लगेच दिसते. ‘पेत्राला क्रुसावर देताना’मध्ये क्रूस पाठीवर उचलणाऱ्या मजुराचे ढुंगण आणि काळे तळवे आपल्याकडे आहेत आणि समोरच्या वेदीवर आन्नीबाले काराच्ची याचे स्वच्छ, उजळ रंगांचे चित्र आहे. त्या काळचे दोन थोर चित्रकार एकाच वेळी, एकाच चॅपेलमध्ये तुलनेसाठी मिळतात, तेव्हा काराच्चीलाही वेळ द्यावा. ही सहाही चित्रे विनाशुल्क पाहता येतात. चर्च दुपारी बंद असू शकतात, म्हणून वेळा आधी पाहून घ्याव्यात, प्रार्थना चालू असेल तर थांबावे, आणि चॅपेलमधल्या दिव्यांसाठी सुटी नाणी जवळ ठेवावीत.

दुसरा दिवस बोर्गेझे संग्रहालयासाठी राखावा. तेथे त्याची सहा चित्रे एकत्र आहेत, ज्यांत तरुणपणीच्या ‘फळांची परडी घेतलेला मुलगा’ या चित्रापासून, दावीदाने मारलेल्या गल्याथ या महाकाय योद्ध्याच्या तुटलेल्या मुंडक्यात त्याने स्वतःचाच चेहरा रंगवला असे मानले जाते त्या ‘दावीद’पर्यंतचा पल्ला दिसतो. तेथे आगाऊ आरक्षणाशिवाय प्रवेश मिळत नाही आणि पाहण्यास दोन तासांची मुदत असते, तेव्हा तिकिटे निघण्यापूर्वीच काढून ठेवावीत.